प्रकाशला वजन नाही

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रयोगशाळेत आडवं व्हायला जागा नाही). तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला? मी ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण ते पुढे येईलच.

आईकडून कळलं, तू रजा टाकून येते आहेस, प्रकाशला बघायला. ताई, कसं सांगू गं, प्रकाश नाहीये. म्हणजे आहे, सगळीकडे आहे, पण तसा नाहीये! झालं असं, की आत्याचा फोन आला (आपली आत्या एका कानानं ऐकते आणि दहा तोंडांनी सांगते). हल्ली काय चाललंय, असं तिनं विचारलं. मी पडले खरं बोलणारी. सांगून टाकलं की प्रकाशात पुरती गुंतलेय. आमचा प्रयोगच तो. दोन आरशांच्या मधे एक अणू धरून ठेवायचा, त्याच्यावर प्रकाश सोडायचा आणि दोघं एकमेकांत कसे गुंततात ते बघायचं. आत्याला ऐकू आलं ते एवढंच, की मी गुंतले. करतो काय, म्हणाली. म्हटलं, या आरशाकडून त्या आरशाकडे, दिवसभर. स्वभाव? म्हटलं, भल्याभल्यांना कळलेला नाही, कधी असा वागतो, कधी तसा. तब्येत? म्हटलं, वजन शून्य. आत्या हळहळली, "अगोबाई, जेवत नाही का नीट?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, पण तोवर फोन ठेवून तिनं आईला गाठलंसुद्धा.

मी लगेच खुलासा करणार होते, शपथ. तेवढ्यात आई म्हणाली, ताई येतेय. माझ्या पदवीला तू आली नाहीस, ऑपरेशनला आली नाहीस (रजा मिळाली नाही, मान्य). मग माझी जीभच उचलेना.

आमच्याकडे एन्ट्रॉपी म्हणून एक भानगड असते. अव्यवस्था मोजायचं माप म्हण. अणू आणि प्रकाश एकदा गुंतले, की दोघांना मिळून पाहिलं तर सगळं जागच्या जागी असतं. एकट्या अणूकडे पाहावं तर नुसता सावळा गोंधळ. एकट्या प्रकाशाकडे पाहिलं तरी तेवढाच, तीळभर कमी-जास्त नाही. हे गणित मांडताना मला तू आठवतेस आणि रडू येतं (सर म्हणाले, घाबरू नका, चिन्ह चुकलं असेल). तू गेल्यापासून माझ्या खोलीत खुर्चीवर कपड्यांचा डोंगर आहे, दूध रोज उतू जातं आणि मोज्यांची एकही जोडी पुरी नाही. तुझ्याकडेही एवढाच पसारा असेल ना गं? आई म्हणते, तुझं घर लख्ख असतं. ऐकून मला मुळीच बरं वाटलं नाही. फार आठवण येते तुझी.

तुझी,
धाकटी

ता.क. खरं काय ते सगळं लिहिलंय, म्हणूनच पत्र साध्या टपालानं पाठवतेय. पोहोचेल तेव्हा तू गाडीत बसलेली असशील.

आणखी ता.क. भाऊजी, पाकीट तुम्ही फोडलंत ना? ताईला फोन करू नका. मी स्वतः सांगेन तिला. आधी डोळे भरून बघू तर द्या.