सखूचा झरा

३ मे १९७३

आज पाण्याच्या जागा नकाशावर घ्यायला साहेब आले. पाटलांनी ओढा, विहिरी दाखवल्या; सगळं कोरडं ठणठणीत! घोडनदीच्या वाळूतला आमच्या वस्तीचा झरा मात्र टाळला. मी म्हणालो, "साहेब, हा सखूचा झरा. लिहा." पाटील हसले, "त्याला कसलं आलंय नाव? खड्डा हाय त्यो." साहेबांनी पेन्सिल खिशात घातली. आणि मी बाजूला सरलो! का?

सखू माझी आई. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते, तेव्हा तिनं हातानं वाळू उपसून तो झरा केला. महिनाभर सगळा गाव त्याच खड्ड्यातलं पाणी पितोय. पाटलीणबाई हंडा घेऊन आल्या की आई अजून आपणहून बाजूला सरते.

उद्या तिला सरू देणार नाही. खड्डा सखूचा आहे. आधी तिचा हंडा भरेल.