ढिगावरचा दुपट्टा

बाबा, तुमचा दुपट्टा मी खोट्या कामाला लावला. इथे बोरगावात हे सांगावं असं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

सेलूच्या भाजीबाजारात सकाळी हर्रास चालायची, तेव्हा मी तुमच्या मागे उभी असायची. ज्याच्या घरी लग्न नाहीतर तेरवी असेल, तो बोली लागण्याआधीच आपला दुपट्टा ढिगावर टाकायचा आणि बाकीचे त्या ढिगावर बोली लावायचे नाहीत. खरं-खोटं कोणी विचारत नसे. एकदा मला वांग्यांचा ढीग फार आवडला. तुमच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून मी त्यावर टाकला. अडत्या म्हणाला, "काय गा भाऊ, घरी लगन हाय अन् आमाले आवतन नाई?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "उचल तो," एवढंच म्हणालात. सगळ्यांसमोर मी तो उचलला. घरी येताना सायकलवर बोललात, "खोटा दुपट्टा एकदा पडला ना माय, तं मंग खऱ्यासाठी कोनी थांबत नाई."

तुमचे जावई तळहाताएवढे रेल्वेचे डबे बनवायचे, सुट्या भागांचे संच आणून, चिकटवून, रंगवून. तुम्ही विचारायचात, "जावईबापू, गाडी कवा सुटते?" ते गेले तेव्हा एकच डबा बनवायचा राहिला होता, शेवटचा, गार्डाचा. ते संच बनवणारा कारखाना कधीच बंद पडलाय. आता एखादा जुना संच मोबाईलवर, अशा हौशी लोकांच्या गटात, लिलावाला येतो. मी वाट पाहायची, बोली लावायची आणि अगदी शेवटी कोणीतरी वर जायचं. एकदा मी बोलीखाली लिहिलं, "माझे पती गाडी अपुरी ठेवून गेले. हाच डबा राहिला आहे." सगळे थांबले. तोंडही न पाहिलेली माणसं. मला तुमचा बाजार आठवला आणि रडू आलं.

तो डबा मीच चिकटवला. जरा वाकडा बसला. गाडी पूर्ण झाली आणि दुपारी करायला काही उरलंच नाही. मग पुन्हा मोबाईल उघडला. दुसरा एक डबा दिसला, आपल्या गाडीला न लागणारा. मी तेच वाक्य लिहिलं. पुन्हा सगळे थांबले. त्यानंतरही लिहीत गेले. कपाटात, तुमच्या जावयांच्या स्वेटरच्या कप्प्यात, आता न उघडलेली खोकी आहेत.

मागच्या आठवड्यात गार्डाचाच डबा पुन्हा आला आणि मी पुन्हा तेच लिहिलं. नागपूरचे एक गृहस्थ गटात नवे होते. त्यांनी खाली लिहिलं, "घ्या ताई. मले बी तोच पाह्यजे होता, पन थांबतो. आमची बायको अंथरुणातून रोज विचारते, गाडी पुरी झाली का? सांगतो तिले, अजून टेशनातच हाय." गटातल्या जुन्या लोकांनी माझं वाक्य आधी वाचलेलं होतं. त्यांच्यातलं कोणी काही बोललं नाही. त्याचीच लाज जास्त वाटली.

काल खोकं आलं. न उघडता, वर कागद लावून त्या नागपूरच्या गृहस्थांसाठी बांधून ठेवलंय. पण पत्ता मागायचा तर खरं लिहावं लागेल, तेही सगळ्यांसमोर. दुपारभर मोबाईल हातात धरून बसले होते. मग तो ठेवला आणि तुम्हाला लिहायला घेतलं, बाबा, कारण "उचल तो" म्हणायला तुम्ही नाही आहात.