कॉम्प्युटरचा नवा डबा

रविवार, १२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग, आणि पिल्लांना माझ्याकडून एकेक पापा. आईचा खोकला गेला. माझी कंबर अधूनमधून कुरकुरते. दिवसभर दुसऱ्यांचे बिघडलेले टीव्ही उघडून बसणाऱ्याची कंबर कुरकुरणार नाही तर काय गाणार?

तू कॉम्प्युटरचं विचारलं होतंस. काम झकास झालं. बाबांनी तुझ्यासाठी आणलेला आणि तू हॉस्टेलला गेल्यावर आईने भरतकामाचे नमुने काढायला बळकावलेला तोच तो, कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र असलेला, पडदा म्हणून टीव्हीला जोडायचा. आई त्याला पुढे ओढायची, मागची वायर निसटायची आणि अर्धा काढलेला मोर गायब. म्हणून आतला बोर्ड मी पत्र्याच्या नव्या डब्यात बसवला आणि कीबोर्ड वेगळा केला, नव्या खोक्यात, लांब पट्टीच्या वायरवर, मांडीवर घेता येईल असा. एक बटणही अडकत नाही. हे काम बघून तू पाठ थोपटली असतीस.

फोनवर मी म्हणालो, "आवडलं तिला." ते खोटं होतं. ती शेजारीच बसलेली असते, तिच्यादेखत कसं सांगू? म्हणून हे पत्र.

तिचं विसरणं तुला माहीत आहे, पण सगळं नाही. दिवसभर ती मला कधी भाऊ समजायची, कधी भाडेकरू. पण संध्याकाळी त्या कॉम्प्युटरसमोर बसली की म्हणायची, "धाकट्या, टीव्ही लाव रे." तेवढा वेळ मला आई मिळायची. त्याच्या जिवावर मी बाकीचा दिवस काढायचो.

नवा डबा समोर ठेवला, कीबोर्ड मांडीवर दिला. पडद्यावर तीच निळी चौकट आली. तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. तिचा अंगठा कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर काहीतरी शोधत राहिला. लहानपणी तू तिथे तापलेली सोल्डरिंग गन टेकवून खड्डा पाडला होतास ना, तो. रोज तिचा अंगठा आधी तिथे जायचा. मी रोज बघायचो, दादा. पण आम्हा दुरुस्तीवाल्यांना खड्डा म्हणजे खराबी एवढंच कळतं. जुना खोका ठिसूळ झाला होता, उघडताना तडकला, मी भंगारात घातला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तिने कीबोर्ड खाली ठेवला आणि मला म्हणाली, "अहो, हे आमचं नाही. माझ्या मुलाचं मशीन तुम्ही दुरुस्तीला नेलं होतंत ना?"

मी भंगारवाल्याकडे धावलो. त्याने माल पुढे पाठवून दिला होता. मग नव्या कीबोर्डवर तसाच खड्डा पाडून पाहिला. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे पण जाळलंत?"

तेव्हापासून मी मेकॅनिक आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आधी मी भांडायचो, "आई, मी आहे गं, तुझा धाकटा." ती घाबरून भिंतीकडे सरकायची. आता भांडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका. मीही धरलेली नाही.

तू सुट्टीत येतोयस, ये. तुला ती ओळखेल बहुतेक. मशीनवाला मुलगा तिला अजून आठवतो. मला राग येत नाही असं नाही. येतो. पण तू ये.

काल तिला जेवण वाढलं. तिने ताट माझ्याकडे सरकवून विचारलं, "तुम्ही जेवलात का? घरी कोण असतं तुमच्या?"

म्हटलं, "आई आहे."

"मग इथे काय बसलात?" ती म्हणाली. "जा हो लवकर. ती बिचारी जेवायची थांबली असेल."

मी बाहेर गेलो, जिन्यात बसलो आणि थोड्या वेळाने बेल वाजवून परत आत आलो.

तुझा,
धाकटा
(या नावाने हाक मारणारा आता तू एकटाच उरलास)