किलवरचा गुलाम

प्रिय आई,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. डोंबिवली ते कोपरी अंतर ते कितीसं, आणि आपल्या दोघांत बोलायचं काम तुमच्याकडे असायचं. मी ऐकायचो. पण काल सानिकाचा वाढदिवस झाला आणि आज सकाळी भांडी लावता लावता मंजू म्हणाली, "एव्हाना आईचा फोन यायला हवा होता."

खरंच यायला हवा होता. दरवर्षी तुम्ही दोन दिवस आधी पिशवी घेऊन हजर व्हायचात, सगळा वाढदिवस तुमच्याच हातून पार पडायचा, आणि तरीही कोपरीला परत गेल्यावर फोन करून तेच सगळं पहिल्यापासून बोलायचात. केक जास्तच गोड होता का, वडे पुरले का, कोणाच्या आईने कसली साडी नेसली होती. मंजू म्हणायची, "आई, तू इथेच होतीस ना?" तुम्ही म्हणायचात, "मग काय झालं? तू सांग."

तर यंदा मी सांगतो. तोंडी मला जमलं नसतं, म्हणून कागद घेतला.

आधी एवढं सांगायला हवं की हा वाढदिवस होणारच नव्हता.

सानिकाला तेरावं संपून चौदावं लागणार, तर काय करायचं, असं मंजूने महिनाभर आधी विचारलं. "यंदा नको," एवढंच उत्तर आलं. का, तर फुगे आणि टोप्या हे लहान मुलांचं असतं. मंजूने हॉटेलचं नाव काढलं. घोडबंदर रोडच्या मॉलचं नाव काढलं, जिथे जायला एरवी ती एका पायावर तयार असते. त्यावर "बघू" म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

तुम्ही गेल्यापासून ती अशी एकेका शब्दात बोलते. शाळेत काय झालं? काही नाही. भाजी आवडली? हो. मंजू म्हणते, वय आहे, होईल ठीक. मला मात्र वेगळीच भीती वाटत होती. ती माझ्यासारखी तर होत नाहीये? मी न बोलणारा आहे, त्याचं मला काही वाटत नाही. पण "एका घरात असा एक माणूस पुरे," हे तुम्हीच म्हणाला होतात. आमच्या लग्नाच्या बैठकीत, माझ्यासमोर.

पत्ते ठेवायचा तुमचा बिस्किटांचा डबा आमच्या शोकेसमध्ये सगळ्यात वर आहे. एकदा धूळ पुसायला मंजूने तो उतरवला, तर सानिका म्हणाली, "ठेव तिथेच." मंजूने ठेवला. तेव्हा मी ठरवलं की वाढदिवस करायचा, आणि घरीच करायचा. मी काही ठरवल्याचं ऐकून मंजू माझ्याकडे बघतच राहिली.

मग कल्याणहून तुमच्या बहिणीचा फोन आला. शालूमावशींना कसं कळतं सगळं, देव जाणे.

"सुधीर, ताईला जाऊन वर्ष नाही झालं. फुगे लावणार का तुम्ही घरात?"

मी म्हणालो, "मावशी, आई असत्या तर त्यांनीच लावले असते."

"अरे, ती असती तर हा प्रश्नच आला नसता."

मी "हो" म्हणून फोन ठेवला. पण बेत बदलला नाही, हे मुद्दाम सांगतो. फुगे तेवढे रद्द केले, कारण सानिकालाही नकोच होते. त्या दोघींचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत आहे, हे दोघींनाही माहीत नाही.

सानिकाला मी रविवारी वाण्याकडे जाताना बरोबर घेतलं आणि रस्त्यात विचारलं. समोरासमोर बसून विचारलं की ती "नको" म्हणते, हे माझ्या लक्षात आलं होतं. चालता चालता दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागत नाही. कोपऱ्यापर्यंत ती पिशवी हलवत चालली. मग म्हणाली, "घरी चालेल. पण तुम्ही दोघांनी हॉलमध्ये यायचं नाही."

"मग आम्ही कुठे जायचं?"

"किचनमध्ये."

"केक कापतानासुद्धा?"

"केकला या. मग परत जा. आणि ओवाळायचं ते सगळे यायच्या आधी."

एक खोली, हॉल आणि किचनचं आपलं घर. त्यात आईबापाने किती लांब जायचं? पण मी कबूल केलं. त्या दिवशी ती मला नऊ-दहा वाक्यं बोलली होती आई, मी आणखीही काही कबूल केलं असतं.

त्यानंतर मात्र घरात हळूहळू हालचाल सुरू झाली. मंजू पावभाजी म्हणत होती, सानिका पिझ्झा. शेवटी ठरलं की टेबलावर पुऱ्या, शेव, कांदा, उकडलेला बटाटा, दोन्ही चटण्या मांडायच्या आणि ज्याची त्याने शेवपुरी करून घ्यायची. ही कल्पना सानिकाची. "म्हणजे आपण घरी बोलवून त्यांनाच कामाला लावायचं?" असं मंजूने विचारलं. तुम्हीही हेच विचारलं असतंत, अगदी याच आवाजात.

फोटो काढायला मागे काहीतरी छान हवं, म्हणून सानिकाने मंजूच्या कपाटातून तुमची हिरवी साडी काढली. जरीच्या काठाची, आमच्या वास्तुशांतीला नेसला होतात ती. मंजू काहीतरी बोलायला गेली, थांबली, आणि सेफ्टी पिनांची डबी घेऊन आली. दोघींनी मिळून ती खिडकीच्या पडद्यावर लावली आणि वरून दिव्यांची माळ सोडली. साडी खिडकीवरही शोभते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

खेळांची जबाबदारी मी घेतली. इथे तुमची फार आठवण झाली. तुम्ही कधी काही ठरवलं होतंत का हो? सतरंजी पसरायचात, डबा उघडायचात आणि हाक मारायचात, "कोण कोण हरायला बसतंय?" मी आठवडाभर डोकं चालवून खजिन्याचा शोध तयार केला. चिठ्ठ्या लिहिल्या, कोडी घातली. वन बीएचकेमध्ये लपवायच्या जागा किती असतात, हा विचार तेव्हा सुचला नाही.

तर काल. मंजूने दुपारीच ओवाळलं. चार वाजता मंडळी आली, सानिका धरून सात जणं. खालच्या मजल्यावरचा ओम तुम्हाला माहीत आहे, तो आता माझ्याएवढा उंच झालाय आणि आवाज घोगरा झालाय. बाकीच्या शाळेतल्या नव्या मैत्रिणी, तुम्ही न पाहिलेल्या. केक कापला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि कबूल केल्याप्रमाणे किचनमध्ये गेलो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शालूमावशी, हातात स्टीलचा डबा. "वाढदिवसाला नाही आले," आत येता येता म्हणाल्या, "करंज्या केल्या होत्या, म्हटलं द्याव्या." ओल्या नारळाच्या होत्या, अजून कोमट. कल्याणहून कोमट करंज्या पोचवायच्या तर किती घाई केली असेल! मी त्यांना किचनमधला स्टूल दिला.

खजिना मुलांनी चहा उकळायच्या आत शोधून काढला. पहिली चिठ्ठी सोडवायचीसुद्धा तसदी घेतली नाही, सरळ वॉशिंग मशीन उघडलं. "काकांनी आणखी कुठे ठेवलं असणार?" असं कोणीतरी म्हणालं, ते बरोबरच होतं. मग शेवपुऱ्या झाल्या, साडीसमोर फोटो झाले. आणि मग हॉलमधून आवाज यायचा बंद झाला.

आम्ही तिघं कान देऊन बसलो. काहीच नाही.

"गेली का सगळी?" मावशींनी हळूच विचारलं.

मंजूने दाराच्या फटीतून पाहिलं. "नाही. मोबाईल बघतायत."

सात मुलं एका खोलीत आणि पंख्याचा आवाज ऐकू येतोय. आई, तेव्हा मला वाटलं की आपण हे उगीच केलं. तिने नको म्हटलं होतं. आता सहा वाजता सगळे "बाय" म्हणून जातील आणि तिला कळेल की तिचंच बरोबर होतं.

तेवढ्यात ओमचा घोगरा आवाज आला. "सानू, गुलामचोर खेळायचं?"

कोणीतरी हसलं. "गुलामचोर? सीरियसली?"

"अरे, हिची आजी काय खेळायची माहितीये? आम्ही दरवर्षी खेळायचो."

"नको," सानिका म्हणाली.

"चल ना यार, डबा आहे वरती."

"नको म्हटलं ना, ओम."

मंजूने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. अट मोडून हॉलमध्ये गेलो, शोकेसमधून डबा उतरवला, सतरंजी पसरली आणि खाली बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "कोण कोण हरायला बसतंय?"

ओम पटकन बसला. मग एकेक करून मैत्रिणी बसल्या. सानिका सोफ्यावरच होती. "बाबा, तुला येतं तरी का?"

"इतकी वर्षं बघतोय."

खरंच आहे ते. दरवर्षी तुम्ही हाक मारायचात, "सुधीरराव, या, एक डाव तरी," आणि मी "तुम्ही खेळा" म्हणून खुर्चीत पेपर घेऊन बसायचो. पण पेपर कोण वाचत होतं? मला तुमचा खेळ बघायला आवडायचा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगतो.

सानिका खाली बसली, पण माझ्यापासून लांब. ओमने नव्या मुलींना खेळ समजावला: एक गुलाम बाजूला काढायचा, पत्ते वाटायचे, शेजारच्याचं पान ओढायचं, जोडी जमली की टाकायची. शेवटी ज्याच्याकडे एकटा गुलाम उरेल तो चोर. मी पानं उचलली आणि पाहिलं तर माझ्याकडे किलवरचा गुलाम. तोच, मधोमध वाकलेला. इतक्या वर्षांत तुमच्या वजनाने वाकलेला.

आई, मी आयुष्यात कधी विनातिकीट प्रवाससुद्धा केलेला नाही. पण सगळे आपापली पानं लावत होते, तेव्हा मी तो गुलाम मांडीखाली सरकवला.

डाव रंगत गेला. मुली ओरडायला लागल्या, मोबाईल कुठे गेले कळलं नाही. उरलेल्या दोन गुलामांची जोडी पडली. एकेक जण सुटत गेला आणि शेवटी कोणाच्याच हातात पान उरलं नाही.

"अरे, गुलाम कुठाय?"

"पत्ता मिसिंग आहे यार. परत वाटा."

एक मुलगी सतरंजी उचलून बघायला लागली. ओमने सानिकाकडे पाहिलं. सानिकाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघितलं आणि तुम्ही म्हणायचात तसं म्हणालो, "मंजू, जरा पाणी आण गं."

किचनमधून मावशींचं हसू आधी आलं. "ताईच ही! आमच्या अंगणात पाटाखाली लपवायची!"

"बाबा, ऊठ," सानिका म्हणाली.

"गुडघा दुखतोय."

"बाबा. ऊठ."

"माझं वय झालंय, मला उठवू नका."

हे तुमचं वाक्य. ते ऐकलं आणि ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळे पुसत. ती आणि ओम, दोघांनी मला दंडाला धरून उठवलं आणि गुलाम सतरंजीवर पडला. त्यानंतर पाच-सहा डाव झाले असतील. मंजू बसली. मावशी "मी नाही खेळत" म्हणून दोन डाव खेळल्या आणि दोन्ही वेळा चोर झाल्या. सहाला जाणारी मुलं साडेसातला, त्यांच्या आयांचे फोन आल्यावर गेली. करंजी एकही उरली नाही, हे मावशींना मी दोनदा सांगितलं.

सगळे गेल्यावर सानिका साडीच्या पिना काढत होती, मी खाली घडी धरून उभा होतो. ती म्हणाली, "बाबा, तू फार वाईट चोर आहेस. गुलाम अर्धा बाहेर दिसत होता."

"मग तेव्हाच का नाही पकडलंस?"

"आजीला कुठे लगेच पकडायचो?"

तिने शेवटची पिन काढली आणि साडी माझ्या हातावर आली.

तुम्हाला माहीत होतं का हो, की मुलांना पहिल्यापासून दिसायचं? माहीत असणारच. तुमचंसुद्धा अर्धं पान बाहेर राहायचं, आता मला नीट आठवतंय. जाण्याआधी हे काम आता कोणी करायचं, एवढं तरी सांगायचंत. मला अंदाजाने उचलावं लागलं.

आज सकाळी सानिका उठली ती बोलतच. मंजू चहा गाळत होती आणि ही कालचंच सगळं तिला सांगत होती. मंजू म्हणाली, "अगं, मी तिथेच होते." पुढचं मला ठाऊक होतं, ऐकायला थांबलो नाही.

पत्त्यांचा डबा आता शोकेसच्या खालच्या कप्प्यात आहे, सानिकाने ठेवला. यापुढे तुम्ही हाक मारायचात त्या वेळी मी खुर्चीत बसणार नाही. सतरंजीवर असेन. आणि किलवरचा गुलाम दुसऱ्या कोणाच्या हाती गेला तर तो माझ्याकडे कसा येईल, ते बघेन. मांडीखाली मात्र अर्धाच सरकवीन, तुमच्यासारखा.

तुमचा जावई,
सुधीरराव