पहूरची आत्या

जळगाव

प्रिय प्रशील,
सप्रेम जय भीम.

फोनवर पहूरचं नाव काढलं की तुला काहीतरी काम आठवतं, म्हणून लिहितेय.

चिंधा आजोबांचं मूळ गाव शोधायचं मी मनावर घेतलं, तेव्हा तूच म्हणालास, "ताई, मेलेल्यांना कशाला उठवतेस?" तेव्हा हसले होते. आबा लहानपणापासून सांगत आले, आपण पिंपळनेरचे. म्हणून आधी तिकडे गेले. आपल्या आडनावाचं एकही घर नाही. शेवटी झुलालनाना नावाचे म्हातारे भेटले. म्हणाले, "चिंधा आठला नहीं, बेटा. तो पहूरकडथीन कामले येल व्हता." आजोबा तिथले नव्हेतच, पहूरकडून कामाला आलेले, हे तुला सांगितलं, तर तू पटकन म्हणालास, पहूरला आपलं कुणी नाही. मी तर अजून काही विचारलंच नव्हतं. तिथेच मनात पाल चुकचुकली.

पहूरला चिंधाचं नाव काढताच बायांनी मला थेट बेबाबाईच्या दारात नेलं. ती बाहेर आली आणि मी बघतच राहिले. आबांचंच कपाळ, आबांसारखीच मान तिरकी करून बघायची सवय. चिंधा आजोबांची पहिली लेक ती. आई बाळंतपणातच गेली, आजोळी वाढली. आजोबा कामाला म्हणून गेले, धुळ्यात दुसरं लग्न केलं, ते परत फिरकलेच नाहीत. आबांना बहीण आहे, हे त्यांनी आबांना कधी सांगितलंच नाही.

मी नाव सांगितलं तर आत्या म्हणाली, "तुहा भाऊ मागच्या वर्षीच येऊन गेला ना! म्हणे, आबाचं काळीज नाजूक आहे, धुळ्याले येऊ नको." मला तिथे बसवेना. आबा रोज पांझरेच्या पुलापर्यंत चालत जातात, प्रशील. तुला काळजी नक्की कशाची? त्यांच्या काळजाची, की आजोबांच्या देवपूरच्या प्लॉटला आणखी एक वारस निघेल याची? आत्याला प्लॉट माहीतही नाही. तिने एवढंच विचारलं, भाऊ बोलायला कसा आहे.

आता पत्राचं कारण. आत्या माझ्याकडे जळगावला आली आहे. काल मी आबांना फोनवर सगळं सांगितलं, तू तिला भेटून आलास तेही.  ते एवढंच म्हणाले, "अक्काला फोन दे." दोघंही नुसते रडत होते. रविवारी मी तिला घेऊन धुळ्याला येतेय. तुला बोलवायला आबा नको म्हणतात. मी मात्र बोलावतेय. ये, आणि आत्याच्या समोर बसून सांग, का अडवलंस ते.

तुझीच,
प्रज्ञाताई