हातमोज्यांतल्या टाळ्या

दि. ४ मार्च

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

सिस्टर हे पत्र तुम्हाला वाचून दाखवतील. तुमचा ताप उतरला हे कळलं आणि मी काल पोटभर जेवले.

तुमचं घर जंतुनाशकानं धुणारी मंडळी आली आहेत. पाचही जण डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे. अंगणातून पाहते तेव्हा खिडकीआड ढगच सावकाश फिरताहेत असं वाटतं. तुमचा आजार इतका दुर्मिळ, की त्यांच्या प्रमुखबाईंनीही तो पुस्तकातच वाचला होता. नियम साधा आहे: पुसता येईल ते धुवायचं, पाणी पिईल ते जाळायचं. पडदे, गालिचा, गाद्या गेल्या. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

तरी डोळ्यांनी दिसत नसताना बदललेल्या घरात एकट्यानं राहणं बरं नव्हे. डॉक्टरही तेच म्हणतात. हट्ट सोडा, माझ्याकडे या.

तुमची लाडकी आणि वैतागलेली,
ठकी

दि. ७ मार्च

चि. ठकीस अ. उ. आ.

वॉर्डातून कागद बाहेर जात नाही, म्हणून मी काचेआडून बोलतो आणि सिस्टर पलीकडे लिहून घेतात. शुद्धलेखन त्यांचं, आगाऊपणा माझा.

तापात मी रोज घरी जात होतो. जिना चढायचो, पायऱ्या संपायच्याच नाहीत, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. तरंगत तरंगत वर.

तुझं ‘बाकी सगळं जागच्या जागी’ मला पटलेलं नाही. लहानपणापासून तुला खोटं पचत नाही. चाळीस वर्षं मी वाद्यांचे सूर लावले. डोळे गेले, कान शाबूत आहेत. हे पत्र आजच माणसाहाती पाठवतोय; उद्या दहाला सिस्टर तुला फोन लावतील. तुझ्या ढगांना प्रत्येक खोलीत टाळी वाजवायला सांग. सगळ्या खोल्या ओळखल्या तर मी माझ्या घरी. एक जरी चुकली तर निमूट तुझ्याकडे येईन, तुझ्या हातचा चहासुद्धा पिईन.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस.
अप्पा

दि. ८ मार्च

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

प्रमुखबाई आधी तयारच होईनात. मग म्हणाल्या, नोकरीत सगळं केलं, एवढंच राहिलं होतं. माझा फोन पिशवीत घालून आत नेला आणि पाच माणसं रबरी हातमोज्यांनी टाळ्या वाजवत घरभर फिरली. तुमची उत्तरं बाई मला खिडकीतून ओरडून सांगत होत्या. स्वयंपाकघर, बैठक, जिना, सगळं झटक्यात ओळखलंत. आईच्या खोलीत टाळी वाजली आणि तुम्ही गप्प. पुन्हा वाजवली, तरी गप्प. मग फोनच ठेवलात.

अप्पा, मी लपवलं. आईचे सगळे कपडे गेले. कपाटातलं कुणी वापरतं का, असं बाईंनी विचारलं होतं. मी नाही म्हणाले असते तर कदाचित ते कपडे वाचले असते. पण तुम्ही रोज त्यांत तोंड खुपसून बसता हे मला ठाऊक होतं. मी खरं सांगितलं.

रागवा हवं तर, पण पैज हरलात. माझ्याकडची खोली आवरून ठेवली आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.
ठकी

दि. ९ मार्च

चि. ठकीस अ. उ. आ.

रागावलो होतो, कशाला नाही म्हणू? काल जेवलोही नाही. आता ऐक.

ओळखू आली नाही म्हणून मी गप्प बसलो नव्हतो. ती खोली मी पहिल्या टाळीलाच ओळखली. तुझी आई गेल्यापासून सहा वर्षं त्या कपाटात तोंड घालून मी तिला हाका मारल्या, आणि सगळ्या हाका कपड्यांत मुरून गेल्या. काल कपडे नव्हते. टाळी वाजली आणि खोलीनं ओ दिली. दुसऱ्यांदाही दिली. मला रडू आलं, म्हणून फोन ठेवला.

तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. पैज मात्र मी जिंकलो आहे. सोमवारी मला सोडणार आहेत. माझ्या घरी पोहोचव, आणि त्या खोलीत इतक्यात काही आणून ठेवू नकोस. आधी मला तिथे उभं राहून तिला एकदा नावानं हाक मारायची आहे.

तुझा,
अप्पा