सुईची उडी

सोमवार, ४ मार्च

रेकॉर्ड शाबूत आहे. मोडीत गेलेली नाही. रेडिओ केंद्रात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी दुपारी फोनवर स्वतः सांगितलं — "हातात धरूनच बोलतेय." बातमी पक्की.

आता ती लावून घ्यायची.

सकाळच्या कार्यक्रमात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गाणी लागतात आणि श्रोते फोन करून त्यांवर गप्पा मारतात. त्यातलंच ते नदीचं गाणं. केंद्राकडे त्याची एकच रेकॉर्ड, आणि तिच्यावर ओरखडा. "थांब नदीकाठी जरा" झालं की सुई उडी मारायची, ठेका लंगडायचा आणि थेट "हाक नको मारू मला". मधली ओळ कुणी कधी ऐकलीच नाही. दुकानात ती रेकॉर्ड मिळायची नाही. त्यामुळे अख्खं शहर हे गाणं उडीसकट म्हणतं — बसमध्ये, न्हाणीघरात, रुसल्यावर.

आमच्या घरात ते सासूबाई म्हणतात. झटका आल्यापासून त्यांचं बोलणं गेलं. मुलाचं नाव गेलं, "पाणी" गेलं, "नको" गेलं. मी वर्तमानपत्रात काम करते म्हणून मला लग्नापासून "पेपरवाली" म्हणायच्या, प्रेमाने नव्हे — तेही गेलं. राहिली ती गाणी. रेडिओ लागला की एकही शब्द न चुकता म्हणतात. नवरा तेवढा वेळ दाढी अर्धी सोडून दारात उभा राहतो.

आणि गेल्या आठवड्यात केंद्राने सगळी गाणी मूळ फितींवरून नव्याने, धुऊन-पुसून आणली. उडी गेली! सासूबाई त्या जागी आल्या आणि थबकल्या. तोंड उघडंच राहिलं. मी शेजारी बसून मोठ्यांदा उडी म्हणून दाखवली, हात धरून पलीकडे न्यावं तशी. उपयोग नाही. पुढचं गाणं बुडालं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

जे मोजकं उरलंय त्यातलंही काढून घेतात म्हणजे काय?

बुधवार, ६ मार्च

मी एकटी नाही. आज कार्यक्रमात पहिलाच फोन पोस्टमास्तरांचा. निवृत्त होऊन जमाना झाला, पण नाव विचारलं की अजून हुद्दाच सांगतात.

"नवीन गाणं ऐकलं. कुणाचं आहे?"

निवेदक म्हणाला, "मास्तर, जुनंच आहे हो ते. नदीचं."

"मग लंगडत का नाही?"

त्यांच्या पाठोपाठ शिलाईवाल्या ताई. त्या दिवसभर मशीनवर असतात, रेडिओ उशाशी असावा तसा शेजारी. "मी त्या उडीला पायडल सोडते. हाताला सवय आहे, पायाला आहे. परवा सोडलं तर गाणं आपलं चालूच. दोरा तुटला की माझा. भरून कोण देणार, तुमचे साहेब?"

निवेदक हसला. मग मी फोन लावला. सासूबाईंचं काही बोलले नाही, ते आमच्या घरातलं. एवढंच म्हटलं — रेकॉर्ड तुमच्याच कपाटात आहे, मी खात्री करून घेतली आहे; तीच लावा.

निवेदक म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो, आणि घाईने पुढचं गाणं लावलं.

गुरुवार, ७ मार्च

केंद्राच्या साहेबांचा निरोप: नाही.

शनिवार, ९ मार्च

साहेबांना जाऊन भेटले. माणूस वाईट नाही. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

"बाई, खराब रेकॉर्ड लावली तर लोक हसतील."

"इतकी वर्षं लावलीत. कोण हसलं?"

"तेव्हा दुसरी नव्हती."

"आम्हाला आताही दुसरी नकोय."

"अहो, कवीने लिहिलेली ओळ गाळा म्हणताय. तुम्ही स्वतः लिहिणाऱ्या!"

इथे मी अडखळले, कबूल. मग म्हटलं, "मी बातम्यांच्या टेबलावर बसते, साहेब. रोज लोकांच्या ओळी गाळते. जागा पुरत नाही."

ते हसले, पण नाहीच म्हणाले. निघताना मी सांगून आले की आता मी विनंती करणार नाही. आवाज चढवला नाही. माझा चढतच नाही; टेबलावर त्याचा उपयोग नसतो. वेळेत पान छपाईला सोडायचं असेल तर मागे हटता येत नाही, एवढंच मी तिथे शिकले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आई बोलत असती तर म्हणाली असती, हिला घरात भांडायला कोणी उरलं नाही म्हणून बाहेर निघाली."

खरं आहे. पण तेच तर दुखणं आहे.

सोमवार, ११ मार्च

शिलाईवाल्या ताईंच्या दुकानात मास्तर, ताई आणि मी बसून ठरवलं. फोन नेहमीसारखे करायचे. गाणं कुठलंही मागायचं, गप्पा मारायच्या. फक्त फोन ठेवण्याआधी, निरोप घेतल्यासारखं, ती ओळ उडीसकट म्हणायची.

मास्तर म्हणाले, "माझा आवाज चांगला नाही."

ताई म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही पहिले."

मंगळवार, १२ मार्च

म्हटलं सगळ्यांनी! मास्तरांनी भसाड्या आवाजात, ताईंनी मशीन चालवत. एक ट्रकवाला रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन. कुणाची तरी सून मागे हसत होती. उडी प्रत्येकाने त्याच जागी मारली, त्याच लंगड्या ठेक्यात. निवेदकाला वरून ताकीद असावी. प्रत्येक वेळी म्हणायचा, "आवाज नीट आला नाही, श्रोतेहो. पण छान होता."

शेवटी त्यांनी मुद्दाम धुतलेलं गाणंच लावलं. सासूबाई पुन्हा तिथेच थबकल्या. मी पुन्हा जोर लावून उडी म्हटली. या वेळी त्यांनी चष्मा काढून माझ्या अंगावर फेकला.

बोलणं शिकवायला येणारी मुलगी तिथेच होती. चष्मा उचलून म्हणाली, "काकू, त्यांना काय हवंय?"

"जुनी उडी हवी आहे. दिसत नाही का?"

"तुम्हाला दिसतंय," ती म्हणाली. "मला नक्की सांगता येत नाही."

आजकालच्या मुली. वाक्य असं ठेवतात की उत्तर देता येत नाही.

गुरुवार, १४ मार्च

जिंकलो!

साहेबांनी मान्य केलं. शनिवारी सकाळी जुनी रेकॉर्ड, ओरखड्यासकट. निवेदकाने कार्यक्रमात जाहीर केलं आणि नंतर मला वेगळा फोन करून सांगितलं, म्हणजे दोन्हीकडून पक्कं. शिवाय आधी पाच मिनिटं श्रोत्यांना बोलू देणार. मास्तर भाषण लिहून काढतायत. ताईंनी दुकानाबाहेर पाटी लावली आहे: शनिवारी उडीपर्यंत काम बंद.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी माझ्या भाताकडे पाहायच्या.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी निवेदक म्हणाला, धुतलेल्या गाण्याला आज निरोप देऊ, आणि लावलं. मी शेजारी नव्हते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कार्यालयाचा फोन कानाला लावून मथळा सांगत होते.

"गप!"

मला वाटलं फोनमधून आलं. वळून पाहिलं. सासूबाई हात वर करून माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही — शुद्ध संताप. मग कान रेडिओकडे. तोंड उघडं, पण आता मला ते कळलं. त्या अडकल्या नव्हत्या. ऐकत होत्या. आयुष्यभर न ऐकलेली ओळ आली होती, आणि दर वेळी मी तिच्यावर ओरडून गात होते.

गाणं संपलं. त्यांनी रेडिओच्या साथीशिवाय, एकेक शब्द चाचपत म्हटलं:

"थांब नदीकाठी जरा — पाणी उतरलं की मी निघेन — हाक नको मारू मला."

नवऱ्याचा ब्रश हातातच राहिला. मी त्यांना सांगितलं, "आई, उद्या जुनी रेकॉर्ड आहे. ती ओळ नसेल."

"नको," त्या म्हणाल्या. आणि फोनकडे बोट दाखवलं. "पेपरवाली. लाव."

उद्या सकाळी केंद्राला पहिला फोन आमच्याच घरातून जाईल. तक्रारीचा. नंबर मी फिरवणार, बोलणार त्या.